विमानतळाचा खांब दापोड्याच्या गोदामात

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी खांब आहे. भिवंडीजवळच्या दापोडे गावात, जब्बारचाचांच्या भंगाराच्या गोदामामागे मी आडवा पडून असतो. माझं उभं आयुष्य मात्र एका विमानतळावर गेलं.

तिथल्या प्रतीक्षागृहाचं छप्पर आम्ही खांबांनी पेललं होतं. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी माना वर करून आमचं कौतुक केलं. पुढे कुणी वर पाहिलं नाही. छपराची पन्हळ गळू लागली, पाणी माझ्या पायाशी मुरत गेलं. गंजावरून रंगाचा हात फिरला की सगळ्यांचं समाधान व्हायचं.

एका दुपारी जमीन हलली. धक्का हलकाच होता, कुणाला लागलं नाही. पण इमारत मोठा भूकंप सोसेल का, हे पाहायला इंजिनिअर आले. माझा पाय गंजाने खाल्लेला होता. माझ्या जागी नवा खांब बसवून मला ट्रकवर चढवलं. माझे सोबती तिथेच राहिले.

दापोड्यात दिवसभर ट्रक येतात, जातात. माझ्याकडे कुणी फिरकत नव्हतं. एके दिवशी चाचांनी गॅस कटर पेटवला, तेवढ्यात विमानतळाची तपासणी करणारी हेमाली नावाची इंजिनिअर येऊन पोचली.

"चाचा, थांबा. याला असा कापू नका."

"बेटी, आमच्याकडे लोखंड कापायलाच येतं."

"याच्यासारखे खांब तिथं अजून उभे आहेत. वरून ठणठणीत दिसतात, म्हणून त्यांना हात लावायचा नाही असं ठरतंय. मला वरचा जोड उघडून बघायचाय."

चाचांनी कटर बंद केला. "माझी लेक हफसा तिथं काउंटरवर ड्युटी करते," ते हळूच म्हणाले. "कुठं कापायचं ते तू सांग."

त्यांनी माझा जोड उघडला. रंग शाबूत होता, आतली वेल्डिंग तडकलेली होती. हेमाली त्या तड्यावरून बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग तो तुकडा घेऊन ती गेली.

तो तुकडा पाहून विमानतळाच्या अधिकाऱ्यांनी निर्णय बदलला. माझ्या प्रत्येक सोबत्याला पोलादी आवरण मिळालं, जोडांना तिरके आधार मिळाले. हे मला चाचांच्या बोलण्यातून कळलं. मी इथेच राहिलो.

पुढच्या वर्षी पुन्हा भूकंप झाला, पहिल्यापेक्षा मोठा. माझ्याखालची जमीनही थरथरली. माझ्यावर पेलायला काहीच नव्हतं. चाचा फोन कानाला लावून अंगणात फेऱ्या मारत होते. अखेर हफसाचा आवाज आला.

"अब्बा, मी बाहेर आले. सगळे बाहेर आलेत. छप्पर हललं, पण उभं हाय."

चाचा माझ्यावर येऊन बसले. "उभं हाय म्हणते," ते पुटपुटले. ऐकायला जवळ मीच होतो.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही खांब असतील. ते बोलत नाहीत, कुरकुरत नाहीत. ते उभे आहेत तोवरच त्यांची विचारपूस करा.