दिवाणखान्याचा केंद्रबिंदू

चंद्रिकेला पाहून तीन स्थळे परत गेली, तेव्हा तिचे थोरले बंधू गोपाळकृष्ण यांनी या अपयशाचा शास्त्रीय विचार करायचे ठरवले. ते लोणावळ्याच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत आणि प्रयोगाने सिद्ध न झालेली कोणतीही गोष्ट, मग ती पंचांगातली असो वा पत्नीने सांगितलेली, मानीत नसत. त्यांनी मांडणी अशी केली: तिन्ही वेळा मुलगी तीच, पोहे तेच, दिवाणखाना तोच. मुलगी बदलता येत नाही. पोहे अनसूया बदलू देणार नाही. म्हणजे दोष दिवाणखान्यात.

"आणखी एक गोष्ट तीच होती," त्यांच्या पत्नी अनसूयाबाई कांदा चिरता चिरता म्हणाल्या. "तिन्ही वेळा पाहुण्यांशी बोलणारे तुम्हीच होतात."

हा मुद्दा विषयाला सोडून आहे, असे गोपाळकृष्णांचे मत पडले.

गृहशोभेवरचे एक विलायती मासिक त्यांच्या हाती आले होते आणि त्यात आकृत्या असल्यामुळे त्यावर त्यांचा विश्वास बसला. तत्त्वे मोजकी होती. वस्तू थोड्या असाव्यात. दोन्ही बाजूंचा तोल साधावा. खोलीत एक केंद्रबिंदू असावा, जिथे नजर आपोआप जाईल आणि विसावेल. चौथे स्थळ रविवारी वडगावहून यायचे होते: कचेरीतले अव्वल कारकून नानासाहेब, त्यांची पत्नी आणि मुलगा बाळ. या मुलाला चंद्रिकेने शाळेच्या बक्षीस समारंभात एकदा पाहिले होते. रविवारचे लुगडे तिने गुरुवारीच काढून ठेवले. आधीच्या तिन्ही वेळा ते ऐन वेळी सापडत नसे. गोपाळकृष्णांनी हे निरीक्षण कुणाला सांगितले नाही, पण या खेपेला चूक होता कामा नये, हे त्यावरून त्यांनी ताडले.

रविवारी सकाळी कुसगावच्या सोपान सुताराला बोलावून दिवाणखाना रिकामा करण्यात आला. सतरा पूर्वजांच्या तसबिरी, दोन टेबले, आरसा आणि आत्याची खाट ओसरीवर गेली. या खाटेचा तोल बावीस वर्षांत कशाशीही साधलेला नव्हता. ओसरीवर ती आडवी मावेना, म्हणून सोपानने भिंतीला उभी टेकवली. आत्या तर निषेध म्हणून पहाटेच खंडाळ्याला दुसऱ्या भाचीकडे निघून गेल्या होत्या.

जमिनीवर पांढरी चादर अंथरली. प्रकाश एकाच ठिकाणाहून यावा म्हणून खिडक्या मिटल्या. मग दक्षिणेच्या कोपऱ्यात, जमिनीवरच, एका वातीचा दिवा ठेवला. फरशी उंचसखल असल्याने दिवा डुगडुगत होता; गोपाळकृष्णांनी खाली तांदळाचे पीठ पसरून तो स्थिर केला. प्रयोग पुरा होईपर्यंत बायकांना माजघराबाहेर येण्यास मनाई होती.

सोपानने एकदा उभ्या खाटेकडे पाहिले, एकदा पिठावरच्या दिव्याकडे.

"आत्याबाई कुटं दिसत न्हाईत, मास्तर?"

"गेल्या. पहाटेच," दिव्यावरची नजर न काढता गोपाळकृष्ण म्हणाले.

सोपानने डोक्याचे मुंडासे काढले. "तरास तर न्हाई ना झाला?"

"त्यांना कसला त्रास? त्रास मला झाला. शेवटपर्यंत बोलत होत्या."

"लय चांगलं मानूस व्हतं," सोपान म्हणाला आणि चहा न घेता, 'येतो' असेही न म्हणता पायऱ्या उतरला.

ज्या घरी माणूस गेले तिथून निघताना 'येतो' म्हणायचे नसते आणि माणूस गेल्या जागी पिठावर दिवा तेवत ठेवायचा असतो, या दोन्ही गोष्टी गोपाळकृष्णांना ठाऊक होत्या. पण ते त्या मानीत नसल्यामुळे त्यांना त्या आठवल्या नाहीत. एरवी पाऊण तासाच्या आत गप्पा न आवरणारा सोपान या खोलीत तीन वाक्यांत आटोपला, एवढेच त्यांनी नोंदले. तासाभरात पुरावा वाढला. दूधवाल्या बयाबाई उंबऱ्याशी टेकल्या, डोळ्यांना पदर लावून उठल्या. शेजारचे पोस्टमास्तर, ज्यांना कुठल्याही घरात नाव ठेवण्याजोगे काही ना काही सापडे, पाच मिनिटे चादरीवर गप्प बसले आणि गोपाळकृष्णांच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले. सजावटीचा वाचेवर इतका थेट परिणाम होतो, असे मासिकातही लिहिलेले नव्हते. संपादकांना पत्र लिहावे, असे त्यांच्या मनात आले.

वडगावच्या पाहुण्यांना टांगेवाल्याने फाटकापाशीच सांगितले, की या घरात माणूस गेले आहे. दारातून परत फिरणे बरे दिसेना, म्हणून तिघेही दोन मिनिटे टेकायला आत आले. नानासाहेबांची नजर आपोआप दिव्यावर गेली आणि तिथेच राहिली. गोपाळकृष्णांना धन्य वाटले.

"वय काय होतं?" नानासाहेबांनी हलक्या आवाजात विचारले.

'होतं' हे क्रियापद गोपाळकृष्णांना खटकले, पण मुलाच्या बापाचे व्याकरण सुधारण्याची ही वेळ नव्हती. "एकोणीस पूर्ण."

नानासाहेबांच्या पत्नीने तोंडाला पदर लावला.

"अचानकच म्हणायचं?"

"छे, छे. आधी तीन वेळा हुकलं. या खेपेला मात्र मी स्वतः सगळी तयारी केली."

नानासाहेब चादरीवर वीतभर मागे सरकले. तेवढ्यात चंद्रिका पोह्यांच्या बश्या घेऊन आली आणि गोपाळकृष्णांनी हात करून सांगितले, "हीच ती."

बाई नवऱ्याच्या पाठीआड झाल्या. चंद्रिकेने दिवा पाहिला, पीठ पाहिले, दारातून दिसणारी उभी खाट पाहिली. मासिक वाचलेले नसल्यामुळे तिला सगळे तत्काळ कळले.

"दादा, आत्या खंडाळ्याला गेली म्हणालास, की नुसतंच गेली?"

गोपाळकृष्णांनी स्वतःचे वाक्य अचूक आठवले. "नुसतंच."

चंद्रिकेने बश्या खाली ठेवल्या आणि पाहुण्यांकडे वळली. "चंद्रिका मीच. अजून आहे. पोहे गार व्हायच्या आत घ्या."

बाळ हसला. चार स्थळांत या घरात कुणी हसल्याची ही पहिलीच वेळ. नानासाहेबांनी मात्र बशीला हात लावला नाही. कचेरीतला माणूस, एका बाजूच्या तोंडी जबाबावर निकाल देईना. दुसरा पुरावा अर्ध्या तासाने आपल्या पायांनी आला.

"खंडाळ्याच्या स्टेशनावर कळलं, मी वारले म्हणून," आत्या उंबऱ्यावरूनच म्हणाल्या. "तेरा दिवस तरी खाट आत ठेवायचीस, मेल्या."

त्यांच्यामागे सोपान उभा होता. तिरडीसाठी तोडलेले दोन बांबू त्याच्या खांद्यावर होते आणि ते आता कुठे ठेवावेत, हे त्याला सुचत नव्हते.

पोहे संपले. बाळने चंद्रिकेला एक प्रश्न विचारला, तिने त्याला दोन विचारले. गोपाळकृष्णांना बोलायला जागाच उरली नाही. पाहुणे उठले. नानासाहेबांच्या पत्नी काही न बोलता पायऱ्या उतरू लागल्या. एक पायरी, दुसरी, तिसरी. चंद्रिका दाराची चौकट घट्ट धरून उभी होती. ज्या शब्दावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता, त्या शब्दासाठी गोपाळकृष्णांनी श्वास रोखून धरला.

शेवटच्या पायरीवर बाई वळल्या.

"येतो हं," त्या चंद्रिकेला म्हणाल्या. "पुढच्या वेळी ती खाट आत असू दे. मला खाली बसवत नाही."

खाट आत नेताना सोपानने बांबूंचा विषय काढला. पडद्याला दांड्या म्हणून लावू का, दोन्हीकडं सारखे बसतील, त्याने विचारले. गोपाळकृष्णांनी फूटपट्टी आणली. तोल उत्तम साधत होता.