वरच्या ओळीतला पाहुणा

ज्या माणसाचा जन्म लोकांना खोल्या देण्यात गेला, त्याला टोकियोत एक खोली मिळू नये, याहून मोठं हसं ते कोणतं? पण कुरिमोतोंनी ते स्वतःच ओढवून घेतलं होतं. डोंगरात, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात, त्यांचं स्वतःचं लहानसं हॉटेल. लेक चिझुरु फोनवर सांगत होती, "बाबा, खोली मी बघते. इथे आयत्या वेळी मिळत नाही." तर हे म्हणाले, "खोल्यांचं मला शिकवतेस होय?" आणि तिथेच उतरणार म्हणून स्टेशनासमोरच्या उंच हॉटेलचं नाव ठोकून देऊन मोकळे झाले. त्याच हॉटेलच्या जेवणघरात दुसऱ्या दिवशी दुपारी चिझुरुच्या होणाऱ्या सासूबाई, हाताकेयामाबाई, त्यांना पहिल्यांदा भेटणार होत्या. पहिल्या भेटीत मुलीकडची माणसं जोखली जातात, हे कुरिमोतोंना कोणी सांगायला नको होतं.

उंच हॉटेल भरलेलं निघालं. शेजारचंही. शेवटी मागच्या गल्लीतल्या कॅप्सूल हॉटेलात जागा मिळाली. एकावर एक रचलेले माणसाच्या मापाचे कप्पे, तोंडाशी पडदा. उद्या सूट घालून रस्ता ओलांडायचा की झालं, कोणाला काय कळतंय, असा त्यांचा हिशेब.

"पहिल्यांदाच आलात का?" काउंटरवरच्या बाईंनी बूट ठेवायच्या कपाटाची किल्ली आणि हॉटेलचा तपकिरी सदरा-विजार देत विचारलं.

"छे, नेहमीचंच आहे," कुरिमोतो म्हणाले.

त्यांना वरच्या ओळीतला कप्पा मिळाला होता. शिडी चढून ते डोकं आधी घालून आत शिरले आणि तिथेच अडकले. वळता येईना, पाय बाहेर लोंबकळलेले.

"काका, तसेच मागे या," खालच्या कप्प्यातला माणूस त्यांचा घोटा धरून म्हणाला. "अजून मागे. हां. घाबरू नका, पहिल्या खेपेला सगळ्यांची अशीच वरात निघते."

काउंटरपर्यंत ऐकू गेलं असणार. कुरिमोतो हसले खरे, पण कान तापले होते.

मग खालच्या मोठ्या हौदात गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसल्यावर त्यांना जरा बरं वाटलं, आणि बरं वाटलं तिथेच घात झाला. त्यांच्या गावात अंघोळ झाली की पाहुण्यांनी हॉटेलच्याच कपड्यांत गल्ल्यांमधून फिरायचं असतं. पुलावर गप्पा मारायच्या, काहीबाही खायचं. टाय लावून फिरणाऱ्यालाच तिथे लोक हसतात. कुरिमोतोंनी मोठमोठ्या साहेबांचे सूट उतरवून त्यांना असं बाहेर पिटाळलं होतं. त्यामुळे अंगावर तपकिरी कपडे चढवले आणि पाय आपसूक रस्त्याकडे वळले. फोन राहिला कपड्यांच्या कपाटात, सुटाच्या खिशात. पायांत हॉटेलच्या सपाता. पाठीवर हॉटेलचं नाव भल्या मोठ्या पांढऱ्या अक्षरांत.

दुकानातून थंड दुधाची बाटली घेऊन ते कोपऱ्यावर आले, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की लोक आपल्याला वळसा घालून चाललेत.

"बाबा?"

उंच हॉटेलच्या दारात चिझुरु उभी होती. हातात मिठाईचा पुडा, शेजारी राखाडी किमोनोतल्या एक बाई. "कुठे होतात तुम्ही? आत म्हणतात, या नावाचं कोणी उतरलंच नाही. किती फोन केले मी." तिचा जीव भांड्यात पडला होता. ती बाईंकडे वळली. "आई, हे माझे बाबा. आज नुसता नमस्कार करून जाऊ म्हणालात ना, सापडले बघा."

बाईंची नजर सपातांवर गेली, दुधाच्या बाटलीवर थांबली आणि वर आली.

कुरिमोतोंना धरणी दुभंगावी असं झालं. त्यांनी कमरेत वाकून, पाहुण्यांसाठी राखलेल्या गोड आवाजात म्हटलं, "माफ करा, आपला काहीतरी गैरसमज होतोय. मी तो नव्हे."

आपण लेकीची लाज राखली, असं त्यांना एक क्षण खरंच वाटलं. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला. भर रस्त्यात परक्या माणसाला बाप म्हणून हाक मारणारी मुलगी करून टाकलं होतं त्यांनी तिला. आणि तेही फुकट, कारण दोघांच्या हनुवट्या साच्यातून काढल्यासारख्या, आणि बाईंना डोळे होते.

"माफ करा," चिझुरु वाकून म्हणाली. "माझीच चूक झाली."

कप्प्यात पडदा ओढून ते आडवे झाले. फोनवर तिचा एकच निरोप होता: उद्या ठरल्या वेळी. कप्प्यांच्या ओळीत फोनवर बोलायला मनाई आहे, अशी पाटी समोरच होती. कुरिमोतोंनी त्या पाटीचा आधार घेतला. खाली जाऊन बोलता आलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. स्वतःची इतकी किळस त्यांना कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते सूट घालून गेले. हाताकेयामाबाई उठून वाकल्या. "आपली ही पहिलीच भेट," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. अंमळ जास्तच थांबल्या. काल तो मीच होतो, एवढंच कुरिमोतोंना म्हणायचं होतं. चिझुरु त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. शब्द अगदी ओठांवर आले.

"हो, पहिलीच," कुरिमोतो म्हणाले.

जेवण छान झालं. झऱ्यांचं कौतुक झालं, लग्नाचा महिना ठरला. चिझुरुनं दोन्ही हातांनी त्यांना चहा ओतला, हसून हवं-नको विचारलं. बाई पुढे गेल्यावर दारात त्यांनी तिला गाठलं.

"चिझुरु, काल मी..."

"काल?" ती म्हणाली. "काल कुठे भेटलो आपण? सांभाळून जा हं, बाबा."

आणि ती वाकली. हात पुढे जुळवून, कमरेपासून. त्यांच्या हॉटेलच्या दारात निघालेल्या पाहुण्याला असाच निरोप देतात. तो वळणाआड जाईपर्यंत मान वर करायची नाही, हे तिला लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं.

कोपऱ्यावर पोचल्यावर कुरिमोतोंनी मागे वळून पाहिलं. ती अजून वाकलेलीच होती.