लाखेवरचे डाग

त्या पेटीला हिरवा ऑइलपेंट फासणाऱ्याचे हात झडोत, असं मी तेव्हा रोज म्हणायचे. आमच्या ह्यांनी, म्हणजे गाव ज्यांना सहदेव म्हणतं त्यांनी, लोणारच्या बाजारात भंगारवाल्याकडून ती उचलून आणली, तेव्हा ही हार्मोनियम आहे असं लोकांना सांगावं लागत होतं. भात्याला भोकं, काही पट्ट्या गायब आणि वरून दारंखिडक्यांना देतात तसला रंग, थरावर थर.

"खालून सागवान निघन, पाह्यजो तू," हे म्हणाले.

"निघन. आधी आपला जीव निघन," मी म्हटलं. पण काच हातात घेतलीच. लोकांच्या वावरात निंदून यायचं, चूल पेटवायची आणि भाकरी झाल्या की फुटक्या बाटलीच्या काचेने रंग खरवडत बसायचं. बोटं कापली. नखांत हिरवा रंग बसला तो जाता जाईना. काचेनंतर पॉलिशकागद. आणि खरंच, खालून सागवान निघालं.

हे मेहकरला फर्निचरवाल्याकडे कामाला राहिलेले, म्हणून पॉलिश त्यांनीच केलं. स्पिरिटात लाख विरघळवायची, कापसाचा बोळा फडक्यात बांधायचा आणि हलक्या हाताने फिरवत राहायचं. एक हात वाळला की दुसरा. "पाणी तेवढं लागू देऊ नको," ते मला बजावत. "ताज्या लाखेवर पाणी पडलं का पांढरा डाग उठते." मी लेकरांना त्या कोपऱ्यात पाण्याचा गिलास घेऊन फिरकू देत नव्हते.

धम्म घेऊन आम्हाला काही वर्षं झाली होती. वस्तीत गाणी होती, गळे होते, पेटी तेवढी नव्हती. भात्याची भोकं बुजवून, गायब पट्ट्या कोरून बसवून आता तीही झाली. ह्यांनी पहिला सूर धरला तेव्हा शेजारच्या कलाबाई हातातलं सूप तसंच घेऊन धावत आल्या.

तो सूर वरच्या आळीतही पोचला. मंदिराच्या भजनी मंडळाचे भगवंतराव सप्त्याच्या तोंडावर आमच्या दारात आले. दारात म्हणजे दारातच. आत नाही.

"सहदेवा, आमच्या पेटीचा भाता फाटला बाप्पा. सप्त्यापुरती तुही पेटी दे."

"देतो. पण वाजवीन मी. सभामंडपात बसून."

"हाव ना बे! वाजवणाऱ्याची काय जात राह्यते?"

ते गेले आणि मी ह्यांच्यावर तुटून पडले. "जे देव सोडले त्याइच्या दारात काऊन जाता तुमी?"

"देवासाठी नाई जात, जनका. एक डाव त्याइच्या बरोबरीनं बसून वाजवाचं आहे मले."

मी धुतलेला सदरा काढून दिला. हे पेटी डोक्यावर घेऊन गेले आणि दिवेलागणीच्या आत परत आले, रिकाम्या हातांनी. पायरीपाशीच चौघांनी पेटी उतरवून घेतली होती. "तू खालीच बस सहदेवा, लोकं आयकून नाई राह्यले," असं भगवंतराव म्हणाले. मग त्यांनीच सगळ्या गावादेखत आंब्याच्या डहाळीने पेटीवर गोमूत्र शिंपडलं आणि ती वर नेली. माणूस बाहेर, पेटी आत, आणि तीही बाटलेली म्हणून शुद्ध करून!

"मंग वापस काऊन नाई आणली?" मी ओरडले.

"चौघं धरून होते. ओढली असती तं मोडली असती."

राग भगवंतरावांचा होता, निघाला ह्यांच्यावर. सप्ताभर आमच्याच पेटीचे सूर वस्तीपर्यंत येत राहिले. वाजवायला मंडळातला तो उकंडराव, दर ओळीला चुकणारा. हे भिंतीकडे तोंड करून पडायचे.

सप्ता उठला आणि मंडळाचा गडी पेटी ओसरीवर टाकून गेला. झाकणावर, बाजूंवर, सगळीकडे पांढरे डाग उठले होते.

"स्पिरिटचा बोळा फिरवला का जाईन," म्हणत ह्यांनी बाटली उचलली. मी ती हिसकावून घेतली.

"ज्यानं उठवले त्यानं पुसावे!"

कार्तिकात काकड्यासाठी भगवंतराव पुन्हा हजर. पेटीकडे बघून म्हणतात कसे, "हे काय रे? पॉलिश कच्चं राह्यलं तुहं."

हे उठले. असं उठलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "कच्चं नाई राह्यलं. तुमी शिंपडलेल्या मुताचे थेंब आहेत ते." त्यांनी बाटली आणि फडकं पेटीशेजारी ठेवलं. "आत या. बसा. पुसा. मंग न्या पेटी."

भगवंतराव घुटमळले. पण पेटीवाचून काकडा अडला होता. त्यांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं आणि चोरासारखे आत आले. उकिडवे बसले. फडकं भिजवलं आणि हळूच मला म्हणाले, "जनकाबाई, जरा दार लोटून घ्या बरं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी दाराशी गेले आणि लोटलेली दुसरी फळीही सताड उघडली.

"शिंपडताना कोणतं दार लोटलं होतं, भगवंतराव?"

गल्लीतली माणसं थांबून बघायला लागली. भगवंतरावांनी फडकं टाकलं आणि खाली मान घालून निघून गेले. एकही डाग पुसला नव्हता. ह्यांनी पेटी ओढून उंबऱ्याशी घेतली, भाता मोकळा केला आणि उघड्या दारात वाजवायला बसले.