टर्बेलेरियनचं पाणी

शब्दकोशाच्या कचेरीत मुख्य संपादकांचा एक कडक नेम होता. शब्द ठेवायचा तर त्याचं एक वाक्य हवं, आणि तेही टेबलाशी बसून रचलेलं नाही, कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं. या नेमापायी भलेभले शब्द बिचारे कात्रीखाली गेले होते.

'टर्बेलेरियन'ची पाळी आली तेव्हा धाकटी संपादिका खुर्चीतून उठलीच. हा तिच्या मामाचा शब्द. मामाने उभा जन्म कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, पण जीव जडला तो या नखाएवढ्या चपट्या किड्यांवर.

"हा शब्द आज बोलतं तरी कोण?" संपादक म्हणाले. "उद्या पान छपाईला जातंय. वाक्य आणा, नाहीतर काट मारा."

ती तडक मामाच्या घरी गेली. मामा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला होता.

"चपटकृमी म्हटलं की लोकांना पोटातले जंतच आठवतात," तो म्हणाला. "हे बहुतेक तसले आयतोबा नाहीत गं! तळ्यात, समुद्रात, ओल्या मातीत राहतात, आपली शिकार आपण करतात. बघ तरी."

तिने पाहिलं. पाय नाहीत, घाई नाही, आणि स्वारी आपली सरकते आहे. भोवतीचे धुळीचे कण मात्र गरगर फिरत होते.

"अंगावर बारीक केस असतात, ते पाणी ढवळतात. छोटीशी खळबळ, त्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून नाव पडलं."

"मग 'चपटकृमींचा एक वर्ग' असं लिहू? तुझ्या पुस्तकात आहे तसं?"

"छे! ते आता खरं राहिलं नाही. हे सगळे एका कुळातले नाहीत, असं पुढच्या लोकांनी दाखवून दिलंय. 'पूर्वी वर्ग मानत, आता नुसतं सोयीचं नाव' असं लिही."

स्वतःच्या पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण त्याने असं हसतहसत मोडीत काढलं. तिला त्याचा फार अभिमान वाटला.

"आणि वाक्य? साहेबांना कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलंच हवंय."

"मी दिलं तर ते रचलेलंच होणार. तुझ्या साहेबांचं बरोबर आहे. कुणीच बोलत नसेल, तर मार काट." आवाज खाली गेला. स्वच्छ असलेली काच तो उगाच पुसत बसला. मग किड्यांच्या वाटीतलं पाणी बदलायला उठला.

तेवढ्यात मामी चहा घेऊन आली. "अहो, बसा! तुमच्या टर्बेलेरियनचं पाणी मी सकाळीच बदललंय. अंड्याचा बलकही घातलाय. आता ती वाटी माझ्या ओट्यावर आणू नका म्हणजे झालं."

"मामी, पुन्हा बोल!" भाचीने पेन काढलं.

"काय पुन्हा बोल? ओट्यावर आणू नका म्हटलं."

"ते नाही, ते पाणी बदलल्याचं!"

कचेरीत संपादकांनी वाक्य वाचलं, कुणाच्या तोंडचं ते विचारलं आणि लाल पेन्सिल बाजूला ठेवली.

छापलेलं पान मामाकडे पोचलं. व्याख्येत 'पूर्वी' आहे ना, एवढं त्याने आधी तपासलं. मग खालच्या ओळीवर बोट टेकवून मामीचं वाक्य दोनदा वाचलं.

"अगं ए," त्याने स्वयंपाकघराकडे हाक मारली, "इकडे ये. माझा शब्द तू वाचवलास."

"आले, आले. आधी तुमच्या टर्बेलेरियनना खायला घालते."