भंडाऱ्याला दूध चालत नाही

रविवारी निमोण्यात बिरोबाच्या देवळापुढे पाय ठेवायला जागा नसायची. यंदाच्या, १९९८च्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. घोंगडीवर बसून कोंडिबा देवऋषी प्रत्येकाच्या हातात भंडाऱ्याच्या पुड्या ठेवायचा. इतर देवऋषी भंडारा कपाळाला लावतात, हा पोटात घ्यायला सांगायचा. आणि पंचाईत अशी, की गुण यायचा. तुंबलेली गळवं बसायची, ताप उतरायचे. मी गावच्या उपकेंद्रात नर्स. माझ्याकडे फक्त माशा यायच्या.

"ह्यो साधा भंडारा न्हाई!" कोंडिबा गर्जायचा. "बारा वर्सं जप केलाय! सकाळ-संध्याकाळ येक चिमूट. आन् देवाचं पथ्य ऐका. म्होरं दोन तास दूध न्हाई, ताक न्हाई. उन्हात हिंडायचं न्हाई. पोटुशीला न्हाई. आठ वर्साखालच्या लेकराला तर मुळीच न्हाई!"

बिरोबा वयाची एवढी चौकशी करतो हे मला माहीत नव्हतं. तरीही मी त्यावर विचार केला नाही. तो माझा आळस.

माझा जीव जळत होता तो मल्हारीपायी. हंगामात पाटसच्या साखर कारखान्यात राबणारा हा माणूस टीबीने पार वाळला होता. दोन महिने सरकारी गोळ्या घेतल्या, खोकला थांबला, अंगावर मांस आलं. तेवढ्यात कोंडिबा म्हणाला, "आता गोळ्या टाकून दे, भंडारा घे." याने टाकल्या. अडीच महिन्यांनी खोकला परत आला, थुंकीत रक्त दिसायला लागलं. मी तीनदा घरी गेले. तिन्ही वेळा तो म्हणाला, "पथ्यात कायतरी चुकलं आसंल, शिश्टर."

चौथ्या वेळी त्याची आई तानुबाई उंबऱ्यावर बसली होती. मेंढ्या सांभाळण्यात जन्म गेलेली म्हातारी.

"शिश्टरबाई, येक इचारू का? बिरोबाला आमी पयल्या धारंचं दूध दावतो. आजा-पणज्यापास्नं. मंग देवाला दूध चालतं, आन् त्याच्याच भंडाऱ्याला का चालंना?"

मी बोटांवर मोजायला लागले. दूध नको, ऊन नको, गरोदर बाई नको, लहान मूल नको. ही चार पथ्यं मी नर्सिंगच्या परीक्षेत एका औषधाखाली लिहिली होती आणि त्यांचे पूर्ण मार्क घेतले होते.

पुढच्या रविवारी मी उपकेंद्राच्या कपाटातला टेट्रासायक्लिनचा खोका घेऊन देवळात गेले. सोबत शाळेचे सतीश गुरुजी होते. खोक्यातला इंग्रजी कागद त्यांनी वर धरला आणि वर्गात धडा वाचावा तसा मराठीत सांगायला लागले.

"हे औषध दुधाबरोबर..."

"घ्यायचं न्हाई!" गर्दी सवयीने ओरडली.

"घेतल्यावर उन्हात..."

"हिंडायचं न्हाई!"

"गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलाला..."

या खेपेला आवाज निम्मा आला. मी एक कॅप्सूल उघडून तळहातावर ओतली. पूड पिवळी होती. हळदीत मिसळली तर कुणाला ओळखू येणार?

कोंडिबा डगमगला नाही. "जे देवाला ठावं, ते कंपनीला बी ठावं. त्यात नवल काय?"

काही माना डोलल्या. तेवढ्यात तानुबाई पुढे झाली. देवऋष्याच्या घोंगडीला हात लावायची आमच्या गावात कुणाची छाती नाही. तिने एक टोक धरून घोंगडी त्याच्याखालून ओढली आणि झटकली. कॅप्सूलच्या रिकाम्या टोप्या फरशीवर चारी दिशांनी गडगडल्या.

"माज्या लेकाच्या गोळ्या टाकाय लावल्यास," ती म्हणाली, "आन् सोता गोळ्याच कुटत व्हतास व्हय रं?"

कोंडिबाचा मेहुणा दौंडला औषधाच्या दुकानात कामाला होता, हे नंतर कळलं.

"पर गुण तर येतोय ना!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. प्रश्न रास्त होता. मी आईमागे उभ्या असलेल्या मल्हारीकडे वळले.

"कारखान्यात गव्हाणीत ऊस पडायचा थांबला तर?"

"समदं बंद पडतं," तो खोकत म्हणाला.

"हे औषध तेच करतं. जंतूला वाढायला जे लागतं, ते त्याला तयार करू देत नाही. पेनिसिलीन निराळं, ते जंतूची भिंतच नीट बांधू देत नाही. कुठल्या जंतूला कुठलं, हे ठरलेलं असतं. सर्दी-पडशाला तर यातलं कुठलंच चालत नाही, ते आपसूक बरं होतं आणि नाव भंडाऱ्याचं होतं. टीबीचा जंतू मेणाच्या भिंतीआड बसतो. त्याला तीन-चार औषधं एकदम लागतात आणि महिनोन्‌महिने लागतात. मध्येच सोडली, की उरलेले जंतू जोर धरतात. चिमटीने घेतलं तर साधे जंतूही निर्ढावतात."

कोंडिबाने सोमवारी गाव सोडलं. दोन रविवार तरी लोक रिकाम्या घोंगडीला नमस्कार करून गेले.

शिरूरच्या सरकारी दवाखान्यात मल्हारीची थुंकी तपासली. जंतू सापडले. औषधं पहिल्यापासून सुरू झाली, वर इंजेक्शनंही. आता तानुबाई रोज सकाळी त्याच्या कपाळाला भंडारा लावते, गोळी देते आणि तोंड उघडायला लावून गिळली का ते बघते. याला माझी काही हरकत नाही. भंडारा कपाळाला खुशाल लावा. पण पोटात जाणाऱ्या प्रत्येक पुडीचं नाव विचारा, आणि जो नाव सांगणार नाही त्याच्या हातचं काही घेऊ नका. सुरू केलेलं औषध कुणाच्या शब्दावर अर्धवट टाकू नका.

तानुबाई आता दोन गोळ्या फोडते. एक मल्हारीची. दुसरी त्याच्या लेकीची, अंकिताची. ती चार वर्षांची आहे, आणि खोकला परत आल्यावरही बापाच्या कुशीत झोपत होती.