डावीकडची जागा

“अगं, श्वास सोड आता. पडलो मी,” नवरा म्हणाला.

पडद्यावर त्याचा पहिलवान आडवा झाला होता आणि ती अजून श्वास रोखून बसली होती. इस्पितळाच्या एक्स-रे विभागात एकोणीस वर्षं ‘श्वास घ्या, रोखा, सोडा’ म्हणून म्हणून तिला खोडच लागली होती. गेम सुरू झाला की श्वास रोखायची आणि सोडायचा विसरायची.

“तुम्हाला हरवून काय उपयोग? नुसती बटणं बदडता.”

“बदडूनही घाम फोडतो की नाही?”

रविवारी मारामारीच्या गेमची स्पर्धा होती आणि ती पहिल्यांदाच उतरणार होती. फॉर्मवर वय चव्वेचाळीस लिहिताना तिला जरा लाजच वाटली. पण हे दादाचं राहून गेलेलं स्वप्न होतं. शाळेपासून दोघं बहीणभाऊ हा गेम खेळत आले. लग्नानंतरही दादा दर रविवारी तिच्याकडे यायचा आणि म्हणायचा, “पुढच्या वर्षी जाऊ गं स्पर्धेला. एक सामना जिंकला तरी बास.” पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. दादाला जाऊन दीड वर्ष झालं होतं. तो एक सामना तिला जिंकायचा होता, बाकी गेलं चुलीत.

अडचण एवढीच, की दादा कायम डावीकडे बसायचा आणि पडद्यावरही त्याचा गडी डावीकडेच असायचा. “मोठा आहे मी,” एवढंच त्याचं कारण. त्यामुळे सगळे डावपेच तिच्या हातात उजव्या बाजूनेच बसले होते. डावीकडून खेळायचं म्हणजे सगळं उलटं.

“आणि डावी बाजू आली तर?” नवरा म्हणाला. “दिवसभर लोकांना डावं-उजवं सांगतेस आणि स्वतःची ही तऱ्हा. सरक तिकडे.”

सोफ्याच्या त्या टोकाला ती दीड वर्षात बसली नव्हती. पाहुण्यालाही ती दुसऱ्या खुर्चीवर बसवायची. आज मात्र ती सरकली आणि दादाचा कंट्रोलर हातात घेतला. दोघांचे एकाच दिवशी आणलेले होते. याच्यावर दादाच्या अंगठ्याची जागा गुळगुळीत झाली होती.

पहिल्या फेरीत तिने सपाटून मार खाल्ला, दुसरीतही. बचावाचं बटण दाबलं तरी तिचा गडी हात वर करीना. आधी वाटलं, आपलाच हात चुकतोय. मग तिने ते बटण दहा-बारा वेळा दाबून पाहिलं. एकदा दाबून काही व्हायचं नाही. दोनदा दाबलं की लागायचं.

“अहो, बिघडलंय हे.”

“ते होय? चार-पाच वर्षं झाली की. मी उघडायला निघालो होतो, तर तुझा भाऊ म्हणाला, राहू दे, मला सवय झालीय. तिला सांगू नका, उगाच आपला चांगला मला देऊन बसेल.”

तेव्हापासून दादा जाईपर्यंत निम्म्याहून जास्त वेळा तीच जिंकली होती आणि दर वेळी तिने दादाला वेडावून दाखवलं होतं. त्याने एकदाही सबब सांगितली नव्हती. एकदा, फक्त एकदा तो इथे बसलेला दिसावा, असं तिला फार वाटलं. डोळे भरून आले.

“दुरुस्त करू?” नवऱ्याने विचारलं.

“नको.”

रविवारपर्यंत ती डावीकडेच बसली.

स्पर्धेला ज्याने त्याने आपला कंट्रोलर आणायचा होता. तिने आपला घेतला आणि सोबतीला दादाचाही. पहिल्याच सामन्याला समोर एक कॉलेजातली मुलगी होती, अगदी रडकुंडीला आलेली. तिचा कंट्रोलर चालूच होईना.

“पाच मिनिटं थांबू,” पंच म्हणाला. “नाहीतर सामना तुमचा, काकू. न खेळताच जिंकलात.”

एक सामना. दादाला तेवढाच हवा होता. तिने मांडीवरची पिशवी घट्ट धरली. मग तिने पिशवीत हात घातला आणि आपला कंट्रोलर मुलीपुढे केला.

“हा घे. हा चांगला आहे. आणि उजवीकडे बस.”

“मग तुम्हाला, काकू?”

“आहे माझ्याकडे. मला सवय झालीय.”

तिने डावीकडची खुर्ची ओढली. मागून नवरा हळूच म्हणाला, “श्वास सोडायला विसरू नकोस.”

मुलीचा पहिला ठोसा आला. तिने बचावाचं बटण दोनदा दाबलं.