सात नंबरचं झाड

देविकाने तिसऱ्यांदा नमुना मशिनमध्ये घातला आणि हाताची घडी घालून उभी राहिली. चूक आपलीच असणार, अशी तिची खात्री होती. सेलमजवळच्या येरकाडच्या डोंगरातलं ते रानऑर्किड इथून तिथून सारखंच दिसतं. त्यातलं कोणतं झाड कोणतं, हे जनुकांवरून ओळखायच्या खुणा शोधण्यात तिची चार वर्षं गेली होती. पडताळ्याला दर खेपेस ती एकाच झाडाचं पान घ्यायची, घरच्या बाल्कनीतल्या. ते झाड अम्माचं, तिने स्वतःच्या लग्नानंतर येरकाडहून आणलेलं. अम्माला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

या खेपेला घरचं पान घरचं निघालं नाही. ते डोंगरावरच्या सात नंबरच्या झाडाशी हुबेहूब जुळलं. तिथे उरली होती जेमतेम बारा झाडं. त्यातलं सात नंबर गेल्या पावसाळ्यात नाहीसं झालं, तेव्हा देविकाने वनखात्याला चोरीचं कडक पत्र लिहिलं होतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

ती चेन्नईत वेस्ट मांबलमला घरी पोचली तेव्हा अप्पा कुंडीपाशीच होते. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यातून निवृत्त झालेले तिचे वडील, मालोजीराव, गुडघेदुखीमुळे जिना उतरायलासुद्धा आधार शोधत. डोंगरावरची ती झाडांची जागा त्यांनी एकदाच, तिच्याबरोबर जाऊन पाहिली होती. देविकाने काय निघालं ते सरळ सांगितलं. त्यांनी पाण्याची बाटली पुसून खाली ठेवली.

"अम्माचं झाड माझ्या हातनं गेलं," ते म्हणाले. "तण्णी जास्त झालं. ती गेल्यावर दिवसातनं चारदा पाणी घालत होतो."

"मला का नाही सांगितलं, अप्पा?"

"तू तेव्हा बंगळूरात होतीस. फोनवर परत 'गेलं' म्हणायला जीभ वळली नाही."

देविकाला संताप आला होता, पण त्या गुडघ्यांनी ते एकटे डोंगर चढले असतील हे मनात आलं आणि तिला रडूच फुटलं. झाड परत न्यायला हवं, एवढंच ती कसंबसं बोलली. अप्पांनी मान डोलावली. आत जाऊन अम्माच्या चष्म्याची डबी आणली. चष्म्याखाली देविकाने डोंगरावर झाडाला बांधलेला अ‍ॅल्युमिनियमचा बिल्ला होता, सातचा आकडा कोरलेला.

"टाकायला पाहिजे होता हा," ते म्हणाले. "पण तुझं अक्षर होतं."

मग गुडघा धरून ते खाली बसले आणि बिल्ल्याची तार त्यांनी स्वतःच देठाला बांधली. सेलमची दोन तिकिटं काढ, म्हणाले.